बालकांस अरण्यांतील माकडांची ओळख

माकड हा प्राणी मुलांच्या पूर्ण परिचयाचा आहे अशी घरोघर समजूत असते, आणि एका अर्थी ती खरीहि आहे. अक्षरें शिकविणाऱ्या पुस्तकांत "म" या अक्षरापुढें बहुधा माकडाचेंच चित्र असतें. टोपीवाल्याची गोष्ट न ऐकलेलें मूल विरळा. मगराच्या पाठीवर बसून नदींत गेलेलें आणि केवळ प्रसंगावधानानें जिवानिशीं सुटलेलें पंचतंत्रांतील माकड तर प्रत्येक पिढीच्या ओळखीचें आहे. माकडचेष्टा, माकडाच्या हातीं कोलीत, असे शब्द बोलतां बोलतां मुलांच्या कानांवर पडतच असतात. तथापि या सर्व परिचयांत एक मोठी उणीव राहून जाते. माकड ज्या घरांत राहतें तें घर मुलाला कधीं दिसत नाहीं. गोष्टींतील माकड टोप्या पळवितें आणि मगराला फसवितें. परंतु तें निजतें कोठें, दिवसभर खातें काय, पाऊस लागला म्हणजे काय करितें, त्याच्या पिलाला वाढवितें कोण, हे प्रश्न तेथें उद्भवतच नाहींत. ज्याचें घर ठाऊक नाहीं त्याची ओळख झाली असें कसें म्हणावें?

हें घर म्हणजे वर्षावन. जगांत माकडांच्या ज्या जाती आहेत त्यांतील बहुसंख्य जाती उष्ण कटिबंधांतील अरण्यांतच राहतात. दक्षिण अमेरिकेंत अमेझॉन नदीच्या खोऱ्यांत, आफ्रिकेंत कांगोच्या खोऱ्यांत, आग्नेय आशियाच्या बेटांवर आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागांत अशीं अरण्यें आहेत. मुलांसाठीं छापलेल्या रंगीत पुस्तकांत बहुधा अमेझॉनकडील माकड असतें, आणि तें शेंपटीनें फांदीला लोंबत असतें. तें चित्र पाहून सर्वच माकडें शेंपटीनें लोंबकळतात अशी मुलांची समजूत होते. मग देवळाच्या आवारांतील माकड तसें करीत नाहीं हें पाहून त्यांस नवल वाटतें. वास्तविक शेंपटीचा हातासारखा उपयोग करणारीं माकडें केवळ अमेरिका खंडांत आहेत, आणि तेथेंहि तीं सर्व तशीं नाहींत. भारतांतील एकहि माकड शेंपटीनें लोंबकळत नाहीं.

म्हणून ओळखीचा आरंभ दूरच्या अमेझॉनपासून न करितां सह्याद्रीपासून करावा हें अधिक सोयीचें. खंडाळा, महाबळेश्वर, आंबोली हीं नांवें महाराष्ट्रांतील मुलाला परकीं नाहींत. हीच डोंगरांची रांग पुढें कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूपर्यंत जाते, व तिच्या त्या भागांतील पावसाळी उतारांवर सिंहपुच्छ माकड राहतें. पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याहि रानांत तें आढळत नाहीं.

त्याचें रूप असें आहे: अंगावर काळे तकतकीत केंस, चेहऱ्याभोंवतीं रुपेरी-करड्या आयाळीचें वलय, आणि शेंपटीच्या टोंकाशीं सिंहाच्या शेंपटीला असतो तसा झुबका. नांव आयाळीवरून पडलें असावें असें कोणालाहि प्रथम वाटेल. पण तें पडलें आहे या झुबक्यावरून. कानडींत त्याला सिंगळीक म्हणतात, आणि मलयाळम् भाषेंतील त्याच्या नांवांतहि सिंहाचें शेंपूटच आहे. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन सहा ते दहा किलो भरतें. म्हणजे घरांतील वर्षाच्या बाळाला उचलतांना हाताला जितका भार जाणवतो, जवळजवळ तितकाच हा प्राणी जड असतो. मादी त्याहून लहान असते.

येथें मराठी भाषा मुलाच्या मदतीला येते. मराठींत माकड आणि वानर असे दोन शब्द आहेत, आणि खेड्यांतील मनुष्य त्यांची गल्लत करीत नाहीं. आंखूड अंगाचें, लालसर तोंडाचें तें माकड. उंच अंगाचें, काळ्या तोंडाचें, लांबलचक शेंपटीचें तें वानर. प्राणिशास्त्रहि या दोहोंमध्यें अशीच रेघ ओढतें, मात्र ती रंगावरून नव्हे. माकडाच्या दोन्ही गालांत आंतून पिशव्या असतात. घाईनें मिळविलेलें खाद्य तें त्यांत भरून ठेवितें आणि मग निवांत जागीं जाऊन खातें. वानराला या पिशव्या नसतात. त्याऐवजीं त्याचें पोट कप्प्याकप्प्यांचें असून त्यांत जून पानेंहि पचतात. सिंहपुच्छाचें तोंड काळेंकुळकुळीत आहे, तेव्हां मूल त्याला वानरच म्हणणार. परंतु त्याच्या गालांत पिशव्या आहेत, म्हणून तें माकड. हा उलगडा पांच-सहा वर्षांच्या मुलालाहि समजतो, आणि प्राणी केवळ रंगावरून नव्हे तर त्याच्या राहणीवरून ओळखावयाचा असतो हा धडा त्यांतून आपोआप मिळतो.

आतां घराची कल्पना कशी द्यावी? शहरांतील मुलाला चाळीचा दाखला पुरेसा होतो. वर्षावन ही एक उंच चाळ आहे. तिच्या तळमजल्यावर कायमचा अंधार. भर दुपारींहि सूर्यप्रकाशाच्या शंभर भागांपैकीं एक-दोन भागच तेथपर्यंत पोहोंचतात. जमिनीवर कुजणाऱ्या पानांचा थर, भूछत्रें, मुंग्या, बेडूक आणि पावसाळ्यांत असंख्य जळवा. दुसऱ्या मजल्यावर वेताच्या जाळ्या, झुडपें आणि थोरल्या झाडांचीं रोपें. वरचें एखादें झाड पडून उजेड केव्हां मिळेल याची वाट तीं वर्षानुवर्षें पाहत असतात. त्याच्याहि वर, जमिनीपासून ऐंशी ते शंभर फुटांवर, मोठ्या वृक्षांचे माथे एकमेकांस भिडून एक अखंड हिरवें छत तयार झालेलें असतें. या छताच्याहि बाहेर डोकें काढून एखाद-दुसरा वृक्ष उभा असतो. तो गच्चीवरचा बुरूज.

या चाळींत माकडाचें बिऱ्हाड कोणत्या मजल्यावर असावें? हा प्रश्न मुलालाच विचारावा. उत्तर शोधण्याची रीत सोपी आहे. जेथें ऊन तेथें फूल, जेथें फूल तेथें फळ, आणि जेथें फळ तेथें फळ खाणारा. ऊन छतावर आहे, म्हणून माकडाचें बिऱ्हाडहि तेथेंच. न मोडलेल्या रानांत सिंहपुच्छ माकड आपला जवळजवळ सर्व काळ झाडांच्या माथ्यांवरच घालवितें. जमिनीवर तें क्वचितच उतरतें. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाच्या फांदीला टेकलेली असते, तीच त्याची सडक. माणसाची वाट जमिनीवर असते आणि झाड त्या वाटेच्या कडेला असतें. माकडाची वाट झाडांचीच बनलेली असते. या एका वाक्यांत त्याच्या साऱ्या जीवनाचें मर्म आहे, आणि मुलाला दुसरें कांहींहि आठवलें नाहीं तरी एवढें आठवावें.

एकदां ही वाट समजली म्हणजे माकडाचा दिवस सांगण्यास अडचण पडत नाहीं. सिंहपुच्छांचा कळप बहुधा दहा-वीस जणांचा असतो. त्यांत एखाद-दुसरा पूर्ण वाढीचा नर, कित्येक माद्या आणि निरनिराळ्या वयांचीं पिलें असतात. हीं माकडें घरटें बांधीत नाहींत. अंधार पडला म्हणजे एखाद्या उंच झाडावर, फांद्यांच्या बेचक्यांत, अंगाला अंग लावून तीं बसल्या बसल्याच झोंपतात. उजाडलें कीं कळप निघतो. सर्वजण एका रांगेनें जात नाहींत. शेजारशेजारच्या झाडांवर पसरून, मधून मधून हलका आवाज देत, एकमेकांचा मागोवा ठेवीत पुढें सरकतात. रानांतील सर्व झाडें एकाच वेळीं फळत नाहींत. कोणतें झाड कोठें आहे आणि तें केव्हां पिकतें हें कळपांतील थोरल्यांस ठाऊक असतें, आणि त्यांच्यामागून हिंडतां हिंडतां लहानांसहि तें ठाऊक होतें. त्यांची शाळा ती हीच.

या माकडाच्या आहारांत फळें, बिया, फुलांतील मध, कोंवळे कोंब, किडे, बेडूक आणि लहान सरडेहि असतात. दक्षिणेच्या त्या रानांत कुलेनिया नांवाचें एक झाड आहे. त्याचें फळ फणसासारखें कांटेरी पण लहान असतें. बोटांनीं व दांतांनीं तें सोलून आंतील बिया काढणें हें कष्टाचें काम माकड मोठ्या कौशल्यानें करितें. याच झाडाच्या गरदार फुलांतील रसासाठीं माकडें, खारी, वटवाघळें त्यावर येतात, आणि त्यांच्या अंगाला चिकटलेला पराग या फुलावरून त्या फुलावर जातो. म्हणजे झाड माकडाला पोसतें आणि माकड झाडाच्या वंशवृद्धीला हातभार लावितें. दुसरी एक गोष्ट मुलांस विशेष आवडते. कांहीं सुरवंटांच्या अंगावरील केंस टोंचून आग होते. असा सुरवंट सांपडला म्हणजे सिंहपुच्छ माकड झाडाचें पान तोडून घेतें, त्यांत सुरवंट गुंडाळून चांगला घासतें, आणि केंस निघून गेल्यावरच तो खातें. शास्त्रज्ञांनीं हें प्रत्यक्ष रानांत पाहून नोंदलेलें आहे. गरम भांडें फडक्यानें धरणाऱ्या आईचा दाखला येथें दिला तर मुलाला आणखी कांहीं सांगावें लागत नाहीं.

दुपारीं कळप विसावतो. मोठीं माकडें एकमेकांचे केंस विंचरीत बसतात. तीं उवा खातात असें म्हणून आपल्याकडे त्याची थट्टा होते. परंतु या विंचरण्यांत स्वच्छतेइतकाच जिव्हाळाहि असतो. कोण कोणाचे केंस किती वेळ विंचरतो यावरून कळपांतील नातीं ओळखतां येतात. पिलें मात्र विसावत नाहींत. तीं पाठशिवणी खेळतात, एकमेकांच्या शेंपट्या ओढतात, आणि अंगावर फारच आलें म्हणजे आईकडे धांव घेतात.

आणि पाऊस? सह्याद्रीच्या त्या उतारांवर जूनपासून पुढें कित्येक दिवस संततधार लागलेली असते. माकडाला छत्री नाहीं, आडोसा नाहीं. जोराची सर आली म्हणजे तें पाठ वांकवून, मान खालीं घालून, दाट पानांच्या आश्रयानें बसून राहतें. पिलूं आईच्या छातीशीं असतें, आणि आईची पाठ हेंच त्याचें छप्पर होतें.

पिलाची हकिकत मुलांस अगदीं जवळची वाटते. मादी जवळजवळ सहा महिने गर्भ वाहते आणि एका वेळीं बहुधा एकाच पिलास जन्म देते. त्याला जन्मतः आयाळ नसते; ती मागाहून हळूहळू उगवते. पहिले दिवस तें आईच्या पोटाशीं घट्ट चिकटून असतें, आणि आई त्याच्यासह शंभर फूट उंचीवर झाडांमागून झाडें ओलांडीत असते. मादी पहिल्यांदा आई होते तीच मुळीं सहा-एक वर्षांची झाल्यावर. आणि एका पिलानंतर दुसरें होण्यास दोन-तीन वर्षें सहज लागतात. मुली जन्मभर आईच्याच कळपांत राहतात. मुलगे वयांत आल्यावर दुसऱ्या कळपाच्या शोधांत निघून जातात. मोठ्यांनीं या हिशेबाकडे विशेष लक्ष द्यावें. ज्या प्राण्याची वाढ इतकी मंद आहे, त्याच्या कळपांतून एक मादी गेली तर ती जागा भरून येण्यास किती काळ लागेल, हें येथेंच कळून येतें.

घराजवळच्या माकडाची अशी ओळख पटली, म्हणजे मग दूरच्या भाऊबंदांकडे जावें. तेथें नवलाईची यादी देण्याचें कारण नाहीं. तेच चार प्रश्न पुन्हां विचारावे, आणि उत्तरें कशीं बदलतात हें मुलाला पाहूं द्यावें.

अमेरिका खंडांतील हाउलर माकड प्रामुख्यानें पानें आणि फळें खातें. पानांतून शक्ति थोडी मिळते, म्हणून तें दिवसाचा बराच भाग स्वस्थ पडून असतें. परंतु पहांटे त्याचे नर जी आरोळी देतात ती दोन-दोन मैल ऐकूं जाते. त्यांच्या गळ्यांतील एक हाड फुगून पोकळ झालेलें असतें, त्यामुळें आवाज घुमतो. ही आरोळी म्हणजे रागाचा झटका नव्हे. "आम्ही येथें आहों" असें एक कळप दुसऱ्यास कळवितो, आणि समोरासमोरची झुंज त्यामुळें टळते. या माकडांचा अभ्यास जेथें झाला त्या जागेची हकिकतहि ऐकण्यासारखी आहे. १९१४ सालीं पनामाचा कालवा खुला झाला. त्यासाठीं चाग्रेस नदी अडवून एक विस्तीर्ण सरोवर करण्यांत आलें, आणि पाणी चढत गेलें तसा एक वनाच्छादित डोंगर चहूंकडून वेढला जाऊन त्याचें बेट बनलें. बारो कोलोरादो हें त्याचें नांव. १९२३ सालीं तें बेट शास्त्रीय अभ्यासासाठीं राखून ठेवण्यांत आलें. पुढें क्लॅरेन्स रे कार्पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञानें तेथें राहून हाउलर माकडांचें निरीक्षण केलें आणि १९३४ सालीं तें प्रसिद्ध केलें. त्या काळीं माकडांविषयींची बरीचशी माहिती पिंजऱ्यांतील माकडांवरून घेतलेली असे. कैद्याला पाहून घरंदाज माणसाची राहणी कशी कळावी? माकडाला त्याच्या घरीं जाऊन, त्याला न छेडतां पाहावें, ही रीत रूढ करणाऱ्या आरंभींच्या कामांत कार्पेंटरच्या या अभ्यासाची गणना होते.

त्याच खंडांतील कोळी-माकड हें खरोखर शेंपटीनें लोंबकळणारें. त्याच्या शेंपटीच्या टोंकाशीं आंतल्या बाजूस केंस नसतात. तेथें तळहातासारखी उघडी, रेघांची त्वचा असते, त्यामुळें फांदीवर पकड बसते. उलट त्याच्या हाताला आंगठा जवळजवळ नाहींच. चार बोटांचा आंकडा करून तें झोके घेत जातें. निशाचर माकड नांवाची तिकडील एक जात तर रात्रींच हिंडते, आणि तिच्यांत पिलाला पाठीवर वागविण्याचें काम मुख्यतः बाप करितो. आईकडे तें दूध पिण्यापुरतें जातें. ही हकिकत ऐकून घरोघरचीं मुलें आपापल्या वडिलांकडे पाहतील यांत शंका नाहीं.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे, आयव्हरी कोस्ट देशांतील ताई अरण्यांत, डायना नांवाचीं माकडें राहतात. चित्ता-बिबट्याच्या जातीचा शत्रु खालून येतो आणि गरुड वरून येतो. या दोन संकटांसाठीं त्यांच्या दोन निराळ्या आरोळ्या आहेत. शत्रु स्वतः पाहिला नाहीं तरी नुसत्या आरोळीवरून कळपाला संकट कोणतें तें कळतें. माकडांचें ओरडणें ही केवळ कलकल नव्हे, हें येथें मुलाच्या ध्यानांत येतें.

हें सर्व सांगावें कसें, याविषयीं थोडेंसें. चार ते सात वर्षांच्या मुलाला एका बैठकींत सर्व सांगूं नये. पहिल्या दिवशीं चाळ उभी करावी: खुर्ची, टेबल, कपाट यांचे मजले कल्पून कोणत्या मजल्यावर कोण राहतो तें मुलानेंच मांडावें. दुसऱ्या दिवशीं माकडाचा दिवस आणि मुलाचा दिवस शेजारीं शेजारीं ठेवावा. उठणें, खाणें, खेळणें, आईजवळ जाणें आणि निजणें हीं दोघांच्याहि वांट्यास आहेत. तिसऱ्या दिवशीं दूरचे भाऊबंद. माकडाला कपडे घालूं नयेत, त्याच्या तोंडीं उपदेश घालूं नये. गोष्टींतल्या माकडाची जागा गोष्टींत आहे व ती तेथें शोभते. परंतु खऱ्या माकडाची हकिकत सांगतांना तें खरें असावें. त्याच्या मरणाची गोष्टहि लपवूं नये. गरुड पिलूं उचलतो, आणि गरुडाच्या घरट्यांतहि पिलें असतात, एवढें साध्या शब्दांत सांगितलें तर मुलें तें मोठ्यांपेक्षां अधिक शांतपणें ऐकतात.

अशी ओळख झालेलें मूल एके दिवशीं एक प्रश्न विचारल्याखेरीज राहत नाहीं: मधलें झाड तोडलें तर माकड पलीकडे जाईल कसें? या प्रश्नाचें उत्तर टाळूं नये, कारण तें खरोखर घडलेलें आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागांत गेल्या दीडशें-दोनशें वर्षांत चहा-कॉफीचे मळे, सडका आणि धरणें झालीं. चहाच्या मळ्यांत उंच झाडांचें छत नसतें. त्यामुळें मळ्याच्या अलीकडचें रान आणि पलीकडचें रान हीं माकडाच्या दृष्टीनें दोन बेटें झालीं. आज रानांतील सिंहपुच्छ माकडांची एकूण संख्या चार हजारांच्या आंत असावी असा जाणकारांचा अंदाज आहे.

परंतु या हकिकतीची दुसरी बाजूहि आहे, आणि ती मुलांस अवश्य सांगावी. केरळांत पालघाट जिल्ह्यांत सायलेंट व्हॅली नांवाचें एक वर्षावन आहे. तेथील लोक त्याला सैरंध्रीवन म्हणतात, आणि त्यांतून वाहणाऱ्या नदीचें नांव कुंती. पांडवांच्या वनवासाची आठवण त्या नांवांतून अजून वाहते आहे. या नदीवर धरण बांधून वीज काढण्याची योजना होती. धरण झालें असतें तर त्या रानाचा गाभाच पाण्याखालीं गेला असता. एकोणीसशें सत्तरनंतरच्या दशकांत या प्रश्नावर मोठा वाद झाला. एका बाजूस विजेची निकड होती, आणि ती खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूस शिक्षक, शास्त्रज्ञ, कवि आणि केरळ शास्त्र साहित्य परिषदेसारख्या संस्था उभ्या राहिल्या, व सिंहपुच्छ माकड हें त्या चळवळीचें जणूं निशाण बनलें. अखेर १९८३ सालीं योजना सोडून देण्यांत आली, १९८४ सालीं तें रान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें, आणि १९८५ सालीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. महाराष्ट्राला त्याहून जवळ म्हणजे उत्तर कानडा जिल्ह्यांतील अघनाशिनी नदीचें खोरें. तेथील रानहि या माकडांसाठीं २०११ सालीं राखीव झालें. तमिळनाडूंतील वालपारईच्या मळ्यांच्या प्रदेशांत तर सडकेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना झुलते पूल बांधलेले आहेत, आणि माकडें त्यांवरून ये-जा करितात. मोडलेली वाट थोडीशी कां होईना, सांधतां येते.

ज्या कुटुंबाला हीं रानें पाहण्याचा योग नाहीं, त्यालाहि या ओळखीची कसोटी द्यावी लागते, आणि ती घाटाच्या वळणावर. मोटार थांबते, कठड्यावर माकडें बसलेलीं असतात, आणि मुलाच्या हातांत बिस्किटाचा पुडा असतो. मुलाच्या मनांत त्या क्षणीं प्रेमच असतें. परंतु हातावरचें खाणें मिळूं लागलें म्हणजे माकडें झाडांची वाट सोडून डांबरी सडकेवर येतात. मोटारीखालीं सांपडून मरतात तीं बहुधा अशींच. शिवाय माणसाच्या पुड्यावर पोसलेलें माकड पुढें पुडा हिसकावूं लागतें, मग तेंच लोकांच्या रागाला पात्र होतें, आणि दोष माकडाच्या माथीं येतो. मदाऱ्याच्या दोरीला बांधलेलें माकड आतां कायद्यानेंच बंद झालें आहे. खेळासाठीं माकडांस शिकविण्यास व नाचविण्यास १९९८ सालापासून मनाई आहे. सिंहपुच्छ माकडास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पूर्ण संरक्षण दिलेलें आहे. परंतु मोटारीच्या खिडकींतून बाहेर जाणाऱ्या हातावर कायद्याची नजर नेहमीं असूं शकत नाहीं. तेथें मुलाला घरांत काय सांगितलें गेलें होतें, हेंच उपयोगी पडतें.

ज्याला माकडाचें घर ठाऊक झालें आहे, त्याला हात आवरण्यास रागवावें लागत नाहीं. हा प्राणी भिकारी नाहीं. त्याचा स्वतःचा संसार आहे, स्वतःची वाट आहे, आणि दुपारच्या जेवणाचें झाड त्याला माहीत आहे, हें तें मूल जाणतें. तें कठड्यावरील माकडाकडे पाहील, त्याच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवील, आणि दरीच्या बाजूला झाडें एकमेकांना टेकलेलीं आहेत कीं नाहींत हें आपण होऊन बघेल. प्राण्यावर प्रेम करावें असें मुलांस शिकवावें लागत नाहीं. तें त्यांच्या ठायीं उपजतच असतें. मोठ्यांनीं त्या प्रेमाला ज्ञानाची जोड तेवढी द्यावयाची असते.